पिल्निक

मुरगाबमध्ये या रबराला पिल्निक म्हणतात.
रशियन पलटण गेली, तिचे ट्रक गेले,
हा शब्द मात्र आमच्या गॅरेजात
जुन्या पट्ट्यांशेजारी खिळ्याला लटकून राहिला.
पिल् म्हणजे धूळ.
काम धुळीला अडवायचं, नाव धुळीचंच.

शायिरबेकची पजेरो जॅकवर चढवली.
पुढचं चाक मी दोन्ही हातांनी धरलं,
घड्याळातल्या नऊला आणि तीनला, आणि हलवलं.
टक्.
पुन्हा हलवलं. टक्.
"तो आवाज पहिल्यापासूनच आहे," तो म्हणाला.
सगळे तसंच म्हणतात.

वडिलांना दोन हिवाळे झाले, नीट दिसत नाही.
टॉर्च मी धरते, बघतात ते बोटांनी.
टाय रॉडच्या टोकाला, गोळ्यावर बसलेली ती रबरी टोपी
त्यांनी चाचपली घडी घडी उलगडत,
आणि मागच्या अंगाला, जिथे वाकून बघायचा कंटाळा करतात सगळे,
तिथे त्यांचं नख आत गेलं.

"फाटलाय."
"एवढंसं रबर, उस्ता. त्यानं काय होतंय?"

असल्या प्रश्नांना वडील उत्तर देत नाहीत.
मी देते. ग्रीस बाहेर जातं, वाळू आत येते,
गोळा झिजतो रोज रवाभर,
आणि एक दिवस घाटात तू स्टिअरिंग वळवतोस
आणि तुझं एकच चाक ऐकतं.

कॉटर पिन गंजून नटाशी एकजीव झाली होती.
ती तुकड्यांनी निघाली.
मग दोन हातोडे, एक टेकूला, एक घावाला.
तिसऱ्या घावाला सांधा सुटला
आणि टाय रॉड माझ्या मनगटावर आला.
मी शिवी दिली. वडिलांना ऐकू नीट येतं.

सांध्यातलं काळं ग्रीस त्यांनी बोटावर घेतलं,
अंगठ्यानं चोळलं,
मग जिभेच्या टोकाला लावलं.
आई असती तर ओरडली असती.
"कुठं कुठं नेतोस गाडी?"
"बाजार. घर. फार तर खोरोग."
"हं," वडील म्हणाले. "खारट आहे."

बोट विजारीला पुसून ते स्टुलावर बसले.
ही पांढरी खारी माती काराकुलच्या काठची,
आणि काराकुलला गुलझात आहे, तिच्या बापाकडे,
गेल्या थंडीपासून,
हे गावात याकच्या वासरांनाही ठाऊक.
शायिरबेक स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.
शेगडीतलं तेरेस्केन तडतडलं.
मी रॉकेलच्या फडक्यानं गोळा पुसायला घेतला,
गरजेपेक्षा जास्त वेळ.

ओशहून आलेल्या पुडक्यात मापाचा एकच निघाला.
दुसऱ्या बाजूचा वडिलांनी त्यांच्या डब्यातून दिला,
शंखजिरं लावून जपलेला, कानाच्या पाळीसारखा मऊ.
कुणासाठी ठेवला होता, विचारलं नाही.
नवं ग्रीस भरलं. ठासून नाही,
वळायला जागा लागते.
रिंग बसवली, नट आवळला,
नव्या पिनेचे दोन्ही पाय फाकवले,
स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं,
रबर ताणलं, मिटलं, ताणलं.
चाक हलवलं. काही नाही.

"टिकेल किती?" त्यानं विचारलं.
"रस्ता कुठला, त्यावर आहे," वडील म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
"येताना माणूस जास्त असलं तरी चालेल."

त्यानं सुट्या नोटा दिल्या, दोनदा मोजून.
एक परत घ्यायला लावली वडिलांनी.

आमच्या फाटकातून डावीकडे बाजार,
उजवीकडे अक-बैताल, मग सरोवर.
त्याचा इंडिकेटर कित्येक वर्षं लागत नाही.
वडिलांनी मान कलती केली.
"कुठं वळला गं?"

मला दिसलं होतं.
"धूळ फार आहे," मी म्हटलं,
आणि हातोडे जागेवर ठेवले.