मौजा काटसावरी (रिठी)

बदलीच्या पहिल्या आठवड्यात
सातबाऱ्यांच्या गठ्ठ्यात हे गाव सापडलं.
मौजा काटसावरी, आणि कंसात रिठी.
मला वाटलं, रिठ्याची झाडं असतील.
पैकूजी कोतवाल हसले नाहीत.
म्हणाले, "चाला, दाखवतो."

नाल्यापर्यंत गाडी, पुढं पायी.
तुरीच्या ओळी संपल्या तिथं ते थांबले,
चपला काढून हातात घेतल्या.
"आलं गाव."
मला दिसलं ते तरोट्याचं रान,
एक चिंच,
आणि रानात कधीच उगवत नाहीत तशा
एका सरळ रेषेत उभ्या सीताफळी.
"बोंदाड्याच्या आंगनाचं कुपन होतं ते."

पुढं जात्याची खालची तळी, अजून जमिनीत रुतलेली.
वरची कुणी डोक्यावर नेली असेल.
तळीच्या भोकात पावसाचं पाणी
आणि पाण्यात एक मुंगळा, पोहत होता की मेला होता
ते मी नीट पाहिलं नाही.

गाव का उठलं?
आमच्या कुठल्याच नमुन्यात या प्रश्नाला रकाना नाही.
तहसीलमधले वैद्य भाऊसाहेब सांगतात, पटकी.
नाल्यापलीकडचे म्हणतात, वाघ.
धामणीच्या पोलीस पाटलांनी विहिरीचं नाव घेतलं
आणि आवाज इतका खाली आणला
की पुढचं ऐकूच आलं नाही.

पैकूजींनी सुपारी फोडली.
"मिठापायी गेलं," म्हणाले.
"दुकान एकच. रघू सावाचं.
तिकडं डांबरी सडक झाली, साव सडकेवर गेला.
मंग मीठ आनाले गेलेला मानूस
दिवस बुडाल्यावर याले लागला.
मंग मुक्कामी राहाले लागला.
मंग तठीच खोपडी घातली.
कोनी गाव सोडलं नाई, बाई.
सारे मीठ आनालेच गेले."

जैवंता तेवढी राहिली, त्यांची मावशी.
चूल विझली तर विस्तव मागायला शेजार नव्हता,
म्हणून ती चूल विझू देत नसे.
दिवेलागणीला आपल्या घरचा लावून झाला
की चार रिकाम्या घरांत जाऊन दिवे ठेवायची,
पलीकडच्यांना गाव दिसावं म्हणून.
दोन वर्षं दिसलं.
"आमी लेकरं सडकेवरून मोजत होतो. पाच.
मंग एक दिवस चार.
त्या पावसाळ्यात दोन.
तेल पुरलं नाई का पाय, कोन जाने."

जुन्या दप्तरात गावाच्या नावापुढे
बोरूनं लिहिलेला शेरा आहे: बेचिराग.
मी तो आजवर बेचिराख असाच वाचत आले,
घोडे, मशाली, लूट, सगळं डोळ्यांसमोर आणून.
इथं काहीच जळलं नव्हतं.
राख नव्हे, चिराग.
कुणी एक कारकून भर उन्हात इथवर आला असेल,
किंवा आलाही नसेल,
आणि त्यानं एवढंच नोंदवलं:
दिवा नाही.

मलाही नोंदवायचं होतं, मोबाईलवर.
पीक तूर. घरं शून्य. माणसं शून्य.
फोटो काढायला गेले तर पडद्यावर उमटलं,
आपण गावाच्या हद्दीबाहेर आहात.
चार पावलं पुढं गेले.
हद्दीबाहेर.
चिंचेपर्यंत गेले, परत तळीपाशी आले,
हात उंच करून गोल फिरले.
हद्दीबाहेर.

पैकूजी तोवर चिंचेखाली बसले होते,
शेंदूर उडालेल्या माता मायपुढं.
खिशातून पुडी काढून सोडत होते.
मला वाटलं, कुंकू असेल.

मीठ होतं.

"सापडलं का गाव?" त्यांनी विचारलं,
हात पँटीला पुसत.