नऊशे मिलिसेकंद

नार्वाच्या ग्रंथालयात, तळघरात,
जिथे नदीची ओल भिंतीतून वर चढते,
मी सर्व्हरपाशी बसते.
वर चार मजले, एकशे सदतीस संगणक,
आणि कुणी कुठेही बसलं तरी
ज्याचं त्याचं त्याच्यामागून यायला हवं:
अक्षराचा आकार, पडद्याचा रंग,
माऊस डाव्या हाताचा की उजव्या.
एवढंच माझं काम. पगार बरा आहे.

तीन थर असतात.
तळाशी सुचवलेलं: पटलं तर ठेवा, नाहीतर बदला.
मधे माणसाचं स्वतःचं.
आणि सगळ्यात वर सक्तीचं.
तिथे कुलूप पडलं की
मधलं काही चालत नाही.
पुसलं जात नाही ते,
झाकलं जातं.

मंगळवारी मुख्य कार्यालयाचं पत्र:
सगळीकडे एकसारखं करा. पार्श्वभूमी निळी,
अक्षर अकराचं, कळफलक एकच,
डबल-क्लिकमधलं अंतर चारशे मिलिसेकंद.
करून कळवा.

करण्याआधी मी नोंदी चाळल्या.
चाळू नयेत, पण चाळल्या.
झिनाईदा कर्सर लुकलुकू देत नाही,
का, ते तिनं कधी सांगितलं नाही.
तावेतचं अक्षर बारा, तेरा, सोळा,
आता एकोणीस;
चष्म्याचा विषय काढला की चिडतो.
लुद्मिलाचे दोन कळफलक,
एकात हिशेब, दुसऱ्यात नातीला पत्रं,
आणि भांडण दोन्हीत.
नकाशा विभागातला हेल्दुर:
डबल-क्लिक, नऊशे.

नऊशे म्हणजे
बोट खाली जातं, थरथरतं,
पुन्हा खाली जाईपर्यंत
बाहेर पुलाकडे निघालेला माणूस
एक पाऊल पुढे गेलेला असतो.
यंत्र तेवढं थांबतं. कुरकुर करत नाही.

ग्रंथालय बंद झाल्यावर, त्याच्या नावाच्या थरावर,
मी चारशेचं कुलूप लावून पाहिलं.
मग त्याच्यासारखी टिचकी मारली, सावकाश,
एक...
दुसरी.
फाईल उघडली नाही.
नाव बदलायची चौकट उघडली.
पुन्हा मारली. पुन्हा तेच.
म्हणजे जुन्या गावाचा,
आता नसलेल्या गल्ल्यांचा नकाशा
उघडायला गेलेल्या माणसाला
यंत्र दरवेळी विचारणार होतं:
याचं नवं नाव काय ठेवू?

कुलूप काढलं.
निळा रंग मात्र सक्तीचा केला.
निळा कुणाला नडत नाही.
बाकी अकरा, चारशे, एकच कळफलक,
सगळं तळाच्या थरात घातलं.
उत्तर लिहिलं: कळवलेली मूल्यं
सर्व संगणकांवर लावली आहेत.
शब्द न् शब्द खरा.
कुठल्या थरात, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

गुरुवारी हेल्दुरचा संगणक बिघडला.
तो तिसऱ्या मजल्यावरच्या परक्या यंत्रापुढे बसला,
नाव घातलं,
आणि इथे माझ्या पडद्यावरून
चार किलोबाइटची एक ओळ सरकून वर गेली.
मी कामाला लागले.

संध्याकाळी जिन्यात भेटला,
कठड्याला धरून उतरत होता.
म्हणाला, तळघरात ओल फार आहे हो,
त्या यंत्राखाली
एखादी फळी तरी टाका.