एक चमचा कमी

लेरिकच्या घाटात गाडीचा पट्टा तुटला
आणि ड्रायव्हर म्हणाला, सकाळी.
नुसतं "सकाळी". कुठली, ते नाही.

धुक्यात एकच दिवा. दिव्याखाली चायखाना.
आत सात पुरुष, डोमिनोचे दोन डाव,
कोपऱ्यात माझ्या कमरेइतका उंच समोवर
स्वतःशीच काहीतरी पुटपुटत उभा.
मी दारात, पाठीवर पिशवी,
कपाळात दुपारपासूनची ठणक.
बायका इथे बसत नाहीत,
हे खुर्च्या सरकल्या तशा कळलं.
त्यातली सगळ्यांत धड खुर्ची माझ्याकडे आली,
तीही टॉवेलने पुसून.

प्रवासाआधी पाठ केलेला शब्द मी उच्चारला :
गॅहवॅ.
डाव थांबले.
टॉवेलवाला मिरकाझिम माझ्याकडे असा बघत राहिला
की जणू औषधांच्या दुकानात जाऊन
मी नांगर मागितला.
मग हसला, आणि चहा आणून ठेवला.

कमरेत बारीक ग्लास, लालभडक चहा,
बशीत लिंबाची चकती, साखरेचे ओबडधोबड खडे,
वाटीत पांढऱ्या चेरीचा पाक.
"मुरॅब्बॅ," तो म्हणाला.
"मुरंबा," मी म्हणाले.
तो पुन्हा. मी पुन्हा.
शेवटी म्हातारा बालाबेय सोंगटी खाली ठेवून मध्ये पडला :
बाजार? बाजार.
साबून? साबण.
हवा? हवा.
दुनिया?
दुनिया.
इथवर सगळं जुळलं. अडलं ते कॉफीवर.
"हिंदिस्तान," तो कळवळून म्हणाला,
"चाय योख?"
तिकडे चहा नसतो का गं, बिचारे.

कोणीतरी पोराच्या कानात कुजबुजलं
आणि पोरगा बॅटरी घेऊन बाहेर पडला.
मला वाटलं, घरी गेला असेल.
दुसरा ग्लास आला. तिसरा.
खरं सांगायचं तर दुसऱ्यातच ठणक उतरली होती,
पण ते सांगायला शब्द नव्हता.
आमचा साबण एक असला तरी
डोकं वेगळं आहे.

तासाभराने पोरगा परतला,
घोट्यापर्यंत चिखल, मुठीत एक पुडी.
वरच्या वस्तीतल्या शाहनिसा नर्सकडची,
तिचा मुलगा पलटणीतून आला तेव्हा
त्याच्या खिशात राहिलेली.
तारीख उलटून दोन वर्षं झालेली.
मिरकाझिमने ती चहाच्याच ग्लासात रिकामी केली,
समोवरचं पाणी ओतलं, ढवळलं,
नुसतंच काय द्यायचं, म्हणून
वरून लिंबाची चकती सोडली.
पुडीतलं दूध डोळ्यांदेखत नासलं.
सात माणसं माझ्या गळ्याकडे बघत होती.
मी प्यायले.
"याख्शी," म्हणाले. छान.
सातही जणांनी एकदम श्वास सोडला
आणि बालाबेयने इतका वेळ अडवून धरलेली सोंगटी लावली.

सकाळी गाडी दुरुस्त.
धुकं खाली दरीत जाऊन बसलेलं.
मी आत गेले ते चहासाठीच,
जिभेवर शब्दही तयार होता,
तोच तर सोपा शब्द.
टेबलावर नवीकोरी बरणी होती,
सोनेरी झाकणाची. पावाची गाडी
पहाटे लेंकोरानहून वर येते,
तिच्याबरोबर मागवलेली.
मिरकाझिमने माझ्यासमोर कागदाचं सील फोडलं,
एक चमचा काढला, जपून,
केशर काढावं तसा.

तो शब्द मी गिळला.
काळी, बिनसाखरेची कॉफी घोट घोट संपवली.
समोरचे म्हातारे दातांत खडा धरून
बशीतून लालभडक चहा ओढत होते, आवाज करत,
वाफ सरळ माझ्या नाकाशी.
पैसे कोणी घेतले नाहीत.

तिथे दुसरं कोणीच कॉफी पीत नाही.
ती बरणी अजून त्या फळीवर असेल,
झाकण गच्च, आत ओल धरून दगड झालेली,
एक चमचा कमी.
धुक्यातून कोणी परकं दारात येऊन उभं राहिलं
की त्याने तोंड उघडायच्या आतच
मिरकाझिमचा हात
फळीकडे जात असेल.