कादरभाईचा टोप

वीस लिटरपर्यंत सगळं माझ्या हातात होतं.
मागची शेगडी, नलूचं पुरणाचं पातेलं,
ती रविवारी ठाण्याला बहिणीकडे गेली की
जव भिजवायचे, सदुसष्ट अंश धरून बसायचं,
काढा गाळायचा, उकळायचा,
मोरीत टबभर बर्फात निववायचा.
मग डबा, डब्यावर ओला पंचा,
नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत.
रात्री उठलो की कान देऊन बुडबुडे मोजायचो :
मिनिटाला बारा.
बरं चाललंय. झोपायचो.

मग रेमी मिस्किटा म्हणाला,
जॅनेलचं लग्न आहे, तुझीच बिअर पाहिजे.
मरोळ गावठाणात, दोनशे माणूस.

मी म्हटलं, त्यात काय, दहाने गुणायचं.

बत्तीस वर्षं भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात
प्रयोगशाळेतला वाटीभर निळा
टाकीत गेल्यावर हिरवट का होतो
याचे अहवाल आम्ही दोघांनीच लिहिले होते.
माणूस निवृत्त झाला की
पहिले स्वतःचेच अहवाल विसरतो.

जव गुणले गेले.
पाणी गुणलं जाईना,
वाफ भांड्याच्या तोंडाने जाते, पोटाने नाही.
हॉप्सचा कडूपणा तर कुठल्याच पाढ्यात बसेना.
आणि उकळी :
एरवी चहा पिऊन होईपर्यंत यायची,
ती सकाळी सातला गॅस लावला
तर अकरापर्यंत आलीच नाही.

टोप कुर्ल्याच्या कादरभाईचा, बिर्याणीचा,
भाडं दिवसाला सातशे.
तीनदा घासला, चिंचेने, सोड्याने,
तरी बुडाच्या सांध्यात मागच्या लग्नातली
एक लवंग बसली होती. निघेना.
ढवळायला झारा म्हणजे दात कोरणं;
रेमीचा भाचा वेसाव्याहून जुनं वल्हं घेऊन आला,
उकळत्या पाण्याने धुतलेलं, तरी खारट नजरेचं.
टोप उतरवायला सहा जण लागले.
मी आजवर हे चोरून केलं होतं,
आता गल्लीतली पोरं विचारत होती, काका, झालं का?
क्लेमेन्सीबाई खिडकीतून म्हणाल्या,
खिमट असताना हा काढा कशाला?

बर्फाच्या चार लाद्या ससून डॉकवरून आल्या,
भुश्यासकट, माश्यांच्या वासासकट.
दुपारी तीनपर्यंत काढा कोमट झाला,
पिंपांत भरला, यीस्ट टाकलं.

आणि इथे मी चुकलो.
छोटा डबा खोलीच्या हवेला भितो,
ओल्या पंच्यात गप्प बसतो.
मोठं पिंप खोलीच तापवतं.
रात्री दीडला काटा एकतीसवर.
आम्ही गोणपाट भिजवत बसलो, एक वाळलं की दुसरं,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसं.
बुडबुडे मोजायला गेलो तर मोजता येईनात,
एकच लांबलचक आवाज,
जणू भिंतीपलीकडे पाण्याचा पाइप फुटलाय.
रेमी बोलला नाही बराच वेळ.
मग म्हणाला, मेलबर्नला आता सकाळ झाली असेल.
मी म्हटलं, गोणपाट दे.

लग्नात बिअर साडेनऊला संपली.
कुणी म्हणालं केळ्याचा वास येतो,
कुणी म्हणालं, लवंग आहे का रे, छान लागतेय.
लवंग. आता ही तापाने चिडलेल्या यीस्टची,
की कादरभाईच्या सांध्यातली?
रेमी माझ्याकडे बघून हसला,
कारखान्यात तक्रार आली की हसायचा तसा.

घरी आलो तर नलू म्हणाली,
सात वर्षं माझ्या पुरणाला जवाचा वास येतो.
तुला वाटलं मला नाक नाही?

सोमवारी टोप परत केला.
वहीत नोंद केली :
लवंग, एक, दोनशे लिटरला.
वीस लिटरला किती,
ते अजून निघत नाही.