मधे एकच रात्र

पहिला भाग संपला तेव्हा पाणमांजराचं पिल्लू
आईच्या पोटावर झोपलं होतं, नदीत, तरंगत.
दुसरा भाग सुरू होतो दुसऱ्या दिवशी सकाळी.
त्यांची मधे एकच रात्र गेली.
आमची चार वर्षं.

टालिनमध्ये, कोप्लीच्या ट्रामच्या शेवटच्या थांब्यापाशी,
दोरखंडाच्या बंद कारखान्यात आमचा स्टुडिओ.
भिंतींना आतून घोंगड्या. बाहेर उणे अकरा.
चित्रं लांबून येतात, तयार, परक्या भाषेत ओठ हलवत.
त्या ओठांत एस्तोनियन शब्द बसवायचे,
दुसऱ्याच्या मापाच्या कोटात
शिंप्याने गिऱ्हाईक बसवावं तसे.

उकू आला.
नऊ वर्षांचा होता तेव्हा माइकपर्यंत पोचायला
स्टुलावर दोन टेलिफोन डिरेक्टऱ्या घेऊन बसायचा.
आता दारातून वाकून आत आला,
गरज नव्हती तरी.
पडद्यावर पिल्लाने पाण्यातून डोकं काढलं:
आई, आज नदी वेगळी वाजतेय.
‘आई’मधला आ तळाला गेला, ई छताला,
मधल्या मधे काहीतरी टरकन फाटलं.
पुन्हा. पुन्हा. अकरावा टेक.
हेल्यूने काचेआडून माझ्याकडे पाहिलं.
मी पेन्सिलीला टोक काढत बसले.

कंठ फुटला होता पोराचा.
पोपटाला फुटतो तेव्हा गळ्याभोवती रंगीत वळं येतं,
लोक पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात.
मुलग्याला काही येत नाही, निदान दाखवण्यासारखं.

पिल्लाचा मात्र केससुद्धा वाढला नव्हता.
उलट या वेळी केस न् केस वेगळा केलाय म्हणे,
एक भिजला की शेजारचा हलतो.
चाळीस माणसं दोन वर्षं त्यावर बसली होती.
एवढं सगळं केलं,
वय तेवढं लावायचं राहून गेलं.

त्याच्या जागी लेलो आली. सात वर्षांची,
पुढचे दोन दात नाहीत, शब्दांतून वारा जातो.
छान बोलते, खोटं कशाला सांगू.
फक्त हसणं जमेना.
हस म्हटलं की कागदावरचं ‘हा हा हा’ वाचते.

सगळे गेल्यावर मी जुनी फाइल उघडली.
उकू. हसू. सहावं.
(त्या दिवशी हेल्यूच्या खुर्चीचा पाय मोडला होता.
खरं हसू ते.)
हसण्याला भाषा नसते म्हणतात. असते.
श्वास आत घेताना ती बारीक शिट्टी,
ती फक्त त्याची.
मी कापलं, चिकटवलं.
लेलोचं वाक्य, शेवटाला उकूचं हसू.
माझा सांधा कुणाला दिसत नाही,
तीस वर्षांत नाही दिसला.

पण न विचारता कसं वापरायचं, म्हणून फोन केला.
‘पैसे मिळतील?’ घोगऱ्या आवाजात.
मिळतील. थोडे.
‘मग चालेल.’
ठेवणार एवढ्यात:
‘मी दुसरं कुणी होऊ शकतो का?’

झाला.
बंधाऱ्यावरच्या गर्दीतला तिसरा बीव्हर.
एकच वाक्य: पाणी चढतंय, सरका!
तिसऱ्या टेकला आवाज पुन्हा चिरकला
आणि हेल्यू म्हणाली, हाच ठेवा,
घाबरलेला बीव्हर आणखी कसा बोलणार.

पहिला खेळ फेब्रुवारीत. थेटरभर ओल्या लोकरीचा वास,
पायऱ्यांवर बुटांतून गळलेल्या बर्फाची डबकी.
उकू मागे कुठेतरी, धाकट्या बहिणीला घेऊन.
पिल्लू हसलं तशी ती खिदळली.
कोण हसलं, तिला काय माहीत,
तेव्हा तिला पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेली मी पाहिलीय.
तो हसला का ते सांगता येत नाही,
मी सिनेमाला वळून बघत नाही, कानांनीच बघते.
ऐकलं एवढंच:
बंधारा फुटायला आला, बीव्हर ओरडला,
आणि मागच्या रांगेत कुणीतरी, हलक्या आवाजात,
त्याच्याबरोबरच म्हणालं,
पाणी चढतंय, सरका.

शेजारचं कुणाचं तरी पोर
खरंच सरकलं.