चार नंबरचा प्लग

रविवारी मार्केट बंद, म्हणून गाडी घरीच उघडली,
घणसोली गावात, म्हात्र्यांच्या भिंतीला खेटून,
जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या
की एकीला नमतं घ्यावं लागतं.
केबिन पुढे झुकवली
आणि आतलं सगळं काचेवर घरंगळलं:
टोलच्या पावत्या, कंगवा, पाण्याची बाटली.
एकवीरेचा फोटो तेवढा जागेवर, चिकटपट्टीने.
आधी काढून ठेवायला विसरले होते.
बाबा म्हणाले, "झालं. सुरुवात झाली."

बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत. मांडीवर एक हात
आणि त्यावर दुसरा, पहिला गप्प बसावा म्हणून.
एकतीस वर्षं त्यांनी डिझेल चालवलं,
न्हावाशेव्याहून कुठे कुठे.
सीएनजीला ते अजून इंजिन म्हणत नाहीत, शेगडी म्हणतात.
"डिझेलला काडी लागत नाय, पोरी.
दाबलं की आपलं आपण पेटतं.
ह्याला दर खेपेला कुणीतरी काडी लावायची."

माल भरून महापेचा पूल चढताना
गाडी गुरुवारपासून उचक्या देत होती.
तुर्भ्याच्या मिस्त्रीने मजुरी सांगितली अठराशे,
आणि सांगताना माझ्याकडे न बघता
बाबांचा नंबर मागितला.
म्हणून हा पाना.

कॉइल काढल्या. प्लगच्या खड्ड्यात आधी हवा मारली
सायकलच्या पंपाने. एक खडा जरी आत गेला
तरी तो आयुष्यभर आतून बोलतो.
पहिला प्लग निघाला, भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा.
दुसरा तसाच. तिसरा जरा फिका.
वर्तमानपत्रावर नंबर टाकून आडवे ठेवले,
कुणा मंत्र्याच्या उद्घाटनावर काळे ठिपके उमटले.

चौथा हलेना.
मी पान्यावर पाइप चढवला, बंपरला पाय टेकवला,
तसे बाबा खुर्चीतून अर्धे उठले.
"जोर नको! हेड ॲल्युमिनियमचं हाय.
दोन थेंब तेल सोड. चहा घे.
मग जरासं फिरव, जरासं मागं घे, परत फिरव.
रुसलेल्या माणसाला घराबाहेर कसं काढतात?"

चहा झाला. रुपेशची आई गच्चीवरून विचारून गेली,
गाडी विकताय का.
जरासं फिरव, जरासं मागं.
कधी सुटला ते कळलंच नाही,
फक्त मनगट हलकं झालं.

पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी चीर.
ठिणगी तिच्यातून बाजूलाच पळत होती,
पेटायच्या जागी पोचतच नव्हती.
बाबांनी तो डोळ्यांजवळ धरला,
थरथरत्या हाताने, बराच वेळ.
काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.

नव्या प्लगांचं अंतर मोजायला माझ्याकडे गेज नव्हतं.
बाबांनी हेक्सॉ ब्लेडचा तुकडा काढला सदऱ्याच्या खिशातून.
म्हणजे सकाळपासून तो खिशात होता.
"हा मधून घासून गेला पायजे.
सटकन गेला तर जागा जास्त झाली."

रबरी नळीच्या टोकात खोचून प्लग बोटांनीच बसवले.
आटा नीट धरला की बोटांना कळतं.
चुकीचा धरला तरी कळतं, थोडं उशिरा.
पाना अगदी शेवटी, पाव फेरा, बस्स.

केबिन खाली. चावी.
इंजिन एकदा खाकरलं आणि लागलं.
बाबा घरातून स्टीलचा पेला भरून घेऊन आले,
दारापासून गाडीपर्यंत अर्धा सांडत.
डॅशबोर्डवर ठेवला आणि वाकून बघत राहिले.
पाण्यावर बारीक कडी, एकामागून एक,
एकही न चुकता.
मग उरलेलं पाणी ते प्यायले, पेला दोन्ही हातांनी धरून.

"शेगडी बरी पेटली," म्हणाले.
"पट्टा किरकिरतोय पण. पुढल्या रविवारी बघ."

वर्तमानपत्र गुंडाळायला घेतलं
तर त्यात जुने प्लग तीनच होते.