नमुना ४१२

बरणीत आला तो तुकडा, फॉर्मलिनमध्ये बुडालेला.
झाकणावर निळ्या पेनाने:
शेवंती खवणेकर, निवती, वय त्रेपन्न,
उजवं फुप्फुस, खालचा भाग.
त्याखाली सर्जनच्या घाईच्या अक्षरात: कॅन्सर?
प्रश्नचिन्ह इतकं फिकट
की नसल्यातच जमा.

एक्सरेवर रुपयाएवढी गोल सावली.
थुंकी दोनदा तपासली, टीबी नाही.
सुई घालून पाहिली, तर सुईत आलं
नुसतं मेलेलं, गुलाबी, निनावी काहीतरी.
सुई होय म्हणेना, नाहीही म्हणेना.
मग छाती उघडली.

मी सुरी चालवली. आत
भिजलेल्या काजूगरासारखा पिवळट गोळा,
कडेला घट्ट, मधे रवाळ.
मेणात बसवला, कागदाहून पातळ कापला,
रंगवून काचेवर घेतला.

भिंगाखाली मी कॅन्सरच शोधत होते, खरं सांगते.
बावीस वर्षांत नजर आधी वाईटाकडेच जायला शिकली आहे:
वेड्यावाकड्या पेशी, सुजलेली काळी केंद्रकं.
नव्हती. बुरशीही नव्हती.
होती एक बुजलेली रक्तवाहिनी
आणि तिच्यात गोल गोल आडवे काप,
जाड साल, आत स्नायूंच्या रेघा,
कुणी होडीच्या टोकाशी दोर गुंडाळून ठेवावा
आणि विसरून जावं, तसे.

जंत. कुत्र्याच्या काळजात राहणारा.
मी तो पुस्तकात पाहिलेला, एकदाच, कृष्णधवल.
डास कुत्र्याला चावला, मग शेवंतीला,
आणि हा बापडा चुकीच्या घरात शिरला.
माणसात त्याला मोठं होता येत नाही.
मेला, रक्ताबरोबर वाहत फुप्फुसात अडकला,
आणि तिच्या देहाने त्याच्याभोवती गडगा घातला.
एवढंच.
औषध लागत नाही.
काढायचीही गरज नव्हती,
हे मात्र काढल्यावरच कळतं.

हे वाक्य मी रिपोर्टात लिहिलं नाही.
त्याला रकाना नाही.

टाके काढायला आली, तेव्हा
तळघरातल्या माझ्या खोलीत उतरली.
गळ्यात नुसता हळदीचा दोरा.
रापणीतली पाती लेकाने मागच्याच आठवड्यात विकलेली.
सांगितलं, कॅन्सर नाही. दोनदा सांगितलं.
ती हसली नाही, रडली नाही. म्हणाली,
"कुत्र्याचो? म्हंजे आमच्या बंदरावरल्या?"

बांगड्याची मुंडकी ती रोज टाकते त्यांना.
सात आहेत की आठ, एक लंगडं.

"बाये, ह्या कागदार कुत्र्याचा नाव असा?
गावात कोणी वाचल्यान तर तेंका विख घालतले."

मी डासाचं नाव ठळक केलं.
जंताचं लॅटिन नाव तसंच राहू दिलं, लांबलचक,
निवतीत ते कुणाला फोडता येणार नाही.
खोटं काही लिहिलं नाही.

जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबली.
कठड्याला हात, तोंड उघडं.
कमी झालेला तेवढा तुकडा
बहुधा तिथेच लागत होता.
मी वर जाऊन हात द्यायला हवा होता.
मी काच पुसत राहिले.

मग बरणी ४१३ उघडली.
तिच्या झाकणावर
प्रश्नचिन्हच नव्हतं.